पासंग : मानवतची माती आणि आकाशातला काटा

१

कापसाच्या बाजारपेठेत वावरलेल्या माणसाला वजनाविषयीच्या दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. पहिली अशी की, काटा बारीक असणे निराळे आणि काटा खरा असणे निराळे. दर क्विंटलमागे न चुकता तेवढाच कापूस कमी दाखवणारा काटा अतिशय काटेकोर असतो. फक्त तो 'मारलेला' असतो. दुसरी गोष्ट अशी की, माल चढवण्यापूर्वी रिकामी तागडी पाहून घ्यावी. दोन पारड्यांत मुळातच जो फरक असतो त्याला 'पासंग' म्हणतात, आणि तो फेडल्यावाचून केलेल्या वजनाला अर्थ नसतो. 'पासंगालाही पुरणार नाही' असे म्हणताना आपण हा शब्द नगण्यतेचा वाचक म्हणून वापरतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या नगण्य वस्तूविषयीच लिहावयाचे आहे.

निमित्त आकाशातल्या एका काट्याचे आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'निसार' हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह अवकाशात गेला. दर बारा दिवसांनी त्याच त्या जमिनीकडे रडारने पाहायचे आणि ती किती उचलली, खचली वा सरकली हे सांगायचे, हे त्याचे एक मुख्य काम. हेच काम युरोपचा 'सेंटिनेल-१' २०१४ पासून करीत आला आहे. अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या तर या पद्धतीने वर्षाकाठी मिलिमीटरभर हालचालही ओळखता येते, असे आपण वाचतो. सातशे किलोमीटर उंचीवरून एक मिलिमीटर! विस्मय वाटणे स्वाभाविक आहे. पण परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या, काळ्या मातीत वसलेल्या कापसाच्या गावी या मिलिमीटरचा अर्थ नेमका काय होतो, हा प्रश्न विस्मयाने सुटत नाही. त्यासाठी या मुलखात मोजण्याची जी दीर्घ परंपरा आहे तिच्याकडे वळावे लागते.

२

मानवतच्या शेजारचे पाथरी हे मध्ययुगात विद्येचे ठाणे होते. 'पार्थपूर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्याने सन १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या इतिहासात (१८९६) या घराण्याची दखल घेतली आहे. ग्रहगणिताच्या या ग्रंथात ज्ञानराजाने ऋतुवर्णनाला स्वतंत्र स्थान दिले, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावी. काव्य आणि गणित यांच्यामध्ये आज आपण घालतो तशी भिंत तेथे नव्हती.

सिद्धान्तज्योतिषात 'बीजसंस्कार' नावाची एक कल्पना आहे. पूर्वाचार्यांच्या गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारे स्थान यांत कालांतराने अंतर पडते. हे अंतर दडवायचे नाही, तसेच त्यासाठी सारा सिद्धान्तही टाकून द्यायचा नाही. फरक मोजायचा, त्याला नाव द्यायचे आणि ठरावीक संस्कार म्हणून तो पुढच्या गणितात मिळवायचा. पासंग फेडण्याची ही ज्योतिष्याची रीत होती.

ज्ञानराजाचा मुलगा सूर्य याने 'लीलावती'वर टीका लिहिली, आणि 'रामकृष्णविलोमकाव्य' हे विलक्षण काव्यही त्याचेच मानले जाते. त्यातील श्लोक डावीकडून वाचला की रामाची कथा निघते, उजवीकडून वाचला की कृष्णाची. अक्षरे तीच, वाचनाची दिशा बदलली की अर्थ बदलतो. हा केवळ शब्दखेळ म्हणून आपण बाजूला ठेवतो. त्याच्याशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

३

यानंतर या मुलखाच्या जवळून एक मोठी साखळी गेली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिची मुख्य रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत बीदरजवळून, म्हणजे मानवतच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून, पुढे वऱ्हाडाच्या दिशेने गेली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला आणि त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले.

या मोजणीच्या पायारेषा पोलादी साखळीने मोजल्या जात. शंभर फुटांची साखळी लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, वर तंबू उभारायचा आणि जागोजागी उष्णतामापक लावायचे. दख्खनच्या उन्हात पोलाद वाढते. म्हणून साखळीची लांबी लिहिताना त्या क्षणाचे तापमानही लिहायचे. पट्टी स्वतःच हलते आहे, हे मान्य करूनच ही माणसे मोजायला बसली होती. गावोगावच्या जमीनमोजणीतली साखळी तेहतीस फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा. बांधावरून पिढ्यान् पिढ्या चालणारी भांडणे वीतभर जागेची असतात. म्हणजे मोजणीतील सूक्ष्मता ही केवळ विद्वानांची हौस नव्हती आणि नाही.

लॅम्बटन-एव्हरेस्टच्या या मोजणीतून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र एक चूक होती. उत्तरेतील कल्याणा आणि माळव्यातील कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर साखळी व त्रिकोणांवरून काढले तेव्हा एक आले, आणि ताऱ्यांवरून काढले तेव्हा दुसरे. फरक सव्वापाच विकलांचा, जमिनीवर सुमारे दीडशे मीटरचा. एवढ्या प्रचंड मोजणीत तो सहज पोटात घालता आला असता. पण कलकत्त्याचे धर्माधिकारी जॉन प्रॅट यांनी तो हिशेबाला घेतला. ओळंबा हिमालयाकडे ओढला जात असणार, या कल्पनेने त्यांनी गणित केले, तर फरक सव्वापाच नव्हे, जवळजवळ सोळा विकलांचा यायला हवा होता! हिमालय असावा तेवढा ओढत नव्हता. १८५५ मध्ये या कोड्यावर प्रॅट आणि जॉर्ज एअरी यांनी जे विवेचन केले, त्यातून पर्वतांखालचे पृथ्वीचे कवच कसे तोलून धरलेले आहे या आजच्या सिद्धान्ताची वाट निघाली. पासंग टाकून दिला असता तर पर्वतांच्या मुळांचा पत्ता त्या मोजणीतून लागला नसता.

४

आता मातीकडे येऊ. मानवतच्या शिवारातील काळी माती ही रेगूर, दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यातील चिकण कणांच्या थरांत पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटू लागतात. या उलाढालीत जमिनीचा पृष्ठभाग दरसाल काही सेंटिमीटर खाली-वर होतो. घरांच्या भिंतींना जाणाऱ्या तड्यांवरून हे येथील गवंडी ओळखतो. काळ्या रानात पाया खोल, मुरमापर्यंत न्यावा लागतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. थोडक्यात, येथे जमीन हलणे हा अपवाद नाही. तो ऋतुचक्राचा भाग आहे.

पण मराठवाड्याची जमीन दुसऱ्या प्रकारेही हलते. मानवतच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवर, किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना, तेथे ६ हून अधिक रिश्टर क्षमतेचा भूकंप झाला. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित वर्गात, पहिल्या विभागात, रंगवलेला होता. २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला.

आणि तरीही, एक वर्ष आधी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारी परिसरात लहान हादरे बसत होते. गावकऱ्यांना ते जाणवले होते, त्यांची चर्चा झाली होती. त्या हादऱ्यांवरून पुढची पहाट वर्तवणे कोणालाच शक्य नव्हते. भूकंपाचे भाकीत करणे आजही विज्ञानाला साधलेले नाही. म्हणून येथे कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नकाशातील रंग आणि माणसांच्या पायांखालची कंपने यांत जे अंतर पडले होते, ते बीजसंस्काराच्या योग्यतेचे होते, एवढे म्हणता येते.

या घटनेची मापे पाहिली तर मन चरकते. आपण ३० सप्टेंबर म्हणतो. विज्ञानाच्या निबंधांत २९ सप्टेंबर आढळते, कारण ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहाही वाजलेले नव्हते. हा फरक साडेपाच तासांचा पासंग मिळवला की मिटतो. मृतांचे तसे नाही. आपल्याकडे मृतांचा आकडा ७,९२८ दिला जातो. परदेशी सूचींत तो ९,७४८ आढळतो. दोन्ही आकडे शेवटच्या एककापर्यंत नेमके आहेत, आणि त्यांच्यात अठराशे वीस माणसांचे अंतर आहे. नेमकेपणा म्हणजे खरेपणा नव्हे, हे यापेक्षा अधिक कठोरपणे कोणत्या उदाहरणाने सांगता येईल?

५

किल्लारीच्या बरोबर बारा आठवडे आधी, ८ जुलै १९९३ रोजी, 'नेचर' नियतकालिकात फ्रान्सच्या दिदिए मासोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियात लँडर्स येथे झालेल्या भूकंपाने जमीन कशी विरूपित झाली, याचे चित्र त्यांनी 'ईआरएस-१' या युरोपीय उपग्रहाच्या रडार-प्रतिमांवरून काढले होते. भूकंपामुळे हललेल्या जमिनीचे आकाशातून रडार-प्रतिमांच्या वजाबाकीने घेतलेले हे पहिलेच माप. त्यामागील युक्ती साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटू नये, कारण ती पाठचिकित्सेची युक्ती आहे.

एका ग्रंथाची एकच पोथी हाती असेल तर तिच्यात लेखकाचे किती आणि नकलाकाराचे किती हे सांगता येत नाही. दोन पोथ्या शेजारी ठेवल्या की जेथे त्या जुळत नाहीत तेथे डोळा थांबतो. रडारचेही तसेच आहे. उपग्रह लाट सोडतो, ती जमिनीवर आपटून परत येते. परतलेली लाट चढात आहे की उतारात, कोणत्या टप्प्यावर आहे, हे तो टिपतो. यालाच लाटेची 'कला' म्हणतात, चंद्राच्या कलेसारखी. एका प्रतिमेतील कला हा निव्वळ गोंधळ असतो. बारा दिवसांनी त्याच जागेवरून दुसरी प्रतिमा घेतली आणि एकीतून दुसरी वजा केली की गोंधळ गळून पडतो आणि फरक उरतो. सेंटिनेलची लाट ५.६ सेंटिमीटरची आहे. लाटेला जाऊन परत यायचे असल्याने जमीन उपग्रहापासून २.८ सेंटिमीटर दूर गेली की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते. आवर्तनाचा अंश मोजता येतो, म्हणून मिलिमीटरची भाषा शक्य होते.

पण ही वजाबाकी पाहताना रिकामी तागडीही पाहिली पाहिजे. पहिली गोष्ट, कला ही मिनिटकाट्यासारखी आहे. तासकाटा या घड्याळाला नाही. जमीन एका आवर्तनाने सरकली की दोन आवर्तनांनी, हे तिच्यावरून कळत नाही. शेजारच्या बिंदूंशी सांधा जुळवून ते अनुमानाने ठरवावे लागते. दुसरी, वाटेत हवा आहे. हवेतील बाष्प लाटेला रेंगाळत ठेवते, आणि आषाढातील एखादा ढगाळ दिवस जमीन काही सेंटिमीटर खचल्याचा आभास निर्माण करू शकतो. तिसरी, हे माप नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. प्रतिमेतील एखादा बिंदू स्थिर मानावा लागतो. तो खरोखर स्थिर नसतोच. सारा भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. पण सगळी तागडीच गाडीवर चढलेली असल्याने आतल्या वजनाला त्याची झळ लागत नाही, एवढेच.

चौथी गोष्ट दिशेची. उपग्रह जमिनीकडे सरळ खाली पाहत नाही, तिरके पाहतो. आणि त्याला फक्त स्वतःकडे येणारी वा स्वतःपासून दूर जाणारी हालचाल कळते. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना एका बाजूने पाहतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना दुसऱ्या बाजूने. जमीन तीच, हालचाल तीच. वाचनाची दिशा बदलली की आकडा बदलतो. दोन्ही वाचने एकत्र केली तरच ती खचली की पूर्व-पश्चिम सरकली हे उलगडते. पार्थपूरच्या सूर्यकवीला हे समजावून सांगण्यास फार वेळ लागला नसता.

सर्वांत मोठी अडचण पाचवी. दोन पोथ्या जुळवायच्या तर त्या एकाच ग्रंथाच्या असाव्या लागतात. बारा दिवसांत कापूस वाढतो, पाने हलतात, नांगरट होते, माती भिजते; दुसऱ्या खेपेला उपग्रहाला जणू दुसराच ग्रंथ दिसतो. या न जुळण्याला कलासंगती तुटणे म्हणू. मिलानच्या फेरेत्ती, प्राती आणि रोका यांनी २००१ मध्ये यावर तोड मांडली: वर्षानुवर्षे न बदलणारे बिंदूच निवडायचे आणि त्यांच्यावरच विसंबायचे. छपरे, पूल, टाक्या, उघडे खडक. मिलिमीटरची ख्याती मुख्यतः या बिंदूंची आहे. मानवतला ही पद्धत लावली तर जिनिंगच्या पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या, पक्की घरे, मानवत रोड स्थानकाचा परिसर असे काही चमकते ठिपके हाती लागतील, आणि भोवतालचे शिवार जवळजवळ कोरे राहील. दफ्तरांवरून लिहिलेल्या इतिहासातही असेच घडते. जे टिकले त्याचे माप अत्यंत बारीक मिळते. जे दर हंगामात बदलत राहिले ते नोंदीतून निसटते. आणि येथे तर तेच निसटते ज्यावर गाव जगते.

निसारचे महत्त्व आम्हांला येथे वाटते. त्याच्या नासाने दिलेल्या रडारची लाट सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, म्हणजे पट्टी सेंटिनेलहून चौपट जाड. पण जाड लाट पानांतून आत शिरते, बारीकसारीक बदलांनी बिथरत नाही, आणि पिकाच्या शिवारातही संगती टिकवून धरण्याची तिच्याकडून आशा असते. बारीक पट्टी जेथे मुकी होते तेथे जाड पट्टी बोलते.

६

किल्लारीकडे या पद्धतीने पाहण्याचा प्रयत्न एस. पी. सत्यबाला यांनी केला. भूकंपाने झालेल्या भूविरूपणाचा रडार-प्रतिमांच्या आधारे घेतलेला त्यांचा शोध २००६ मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाला. घटनेनंतर तेरा वर्षांनी. त्या पहाटेच्या आधी आणि नंतर आकाशातून टिपलेल्या प्रतिमा जुन्या पोथ्यांसारख्या पडून होत्या. त्या वाचणारा यावा लागला.

मात्र या वाचनाकडून अवास्तव अपेक्षा करू नये. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ क्षमतेचे भूकंप झाले. परभणी जिल्ह्यातही लोक घराबाहेर आले. दहाएक किलोमीटर खोलीवरचा एवढा भूकंप भूपृष्ठाला जेवढे हलवतो, त्याहून काळी माती एका पावसाने अधिक हलते. आकाशातल्या काट्याला तो बहुधा दिसतच नाही. मांडणीवरची भांडी वाजली, ही घरातल्या बाईची साक्ष तेथे अधिक मोलाची ठरते.

आणि काटा खरे बोलला तरी प्रश्न संपत नाहीत, हे जोशीमठने दाखवले. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत तेथे ५.४ सेंटिमीटर खचण झाल्याचा इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. ती खचण गावाच्या मध्यभागापुरती होती. वर्तमानपत्रांत मात्र सारे जोशीमठ खचले. लगेच १३ जानेवारीला, परवानगीवाचून माध्यमांना माहिती देऊ नये असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना कळवले आणि तो अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला. आमच्या मते येथे दोन चुका झाल्या, आणि त्या एकमेकींच्या उलट होत्या. आधी आकडा पासंगावाचून लोकांपुढे आला. मग पासंग समजावून सांगण्याऐवजी आकडाच काढून घेतला गेला. भिंतींना तडे गेलेल्या घरांतील माणसांना पहिल्या चुकीने घाबरवले आणि दुसरीने अंधारात ठेवले.

पाथरीच्या ज्योतिष्यापासून निसारपर्यंतच्या या पाच शतकांत आम्हांला एकच सूत्र दिसते. मोजणी विश्वासार्ह झाली ती केवळ साधन बारीक झाल्याने नव्हे. आपण काय स्थिर मानले, काय वजा केले, कोणत्या बाजूने पाहिले आणि काय आपल्याला दिसलेच नाही, हे मोजणाऱ्याने आकड्यासोबत लिहून ठेवले तेव्हा ती विश्वासार्ह झाली. चांगला संपादक पाठभेद तळटीपेत देतो तो याच कारणासाठी. आपला निर्णय चुकला असेल तर पुढच्या वाचकाला तो दुरुस्त करता यावा म्हणून. तळटीप नसलेली सुबक आवृत्ती आणि पासंग न दाखवलेला मिलिमीटर यांची जात एकच आहे.

निसारच्या नोंदी आता साठत जातील आणि कधीतरी मानवतच्या शिवाराचाही आलेख कोणीतरी काढील. त्यात वैशाखातली खाली जाणारी रेघ दिसेल, मृगानंतरची वर येणारी दिसेल. दूरच्या वाचकाला वाटेल, येथे काहीतरी भयंकर घडते आहे. गावातला गवंडी म्हणेल, पाऊस पडला. त्या आलेखाच्या कडेला हे वाक्य लिहिलेले असावे, एवढी आमची अपेक्षा आहे. आकडा जरूर द्यावा. पण माल चढवण्याआधी रिकामी तागडी दाखवावी.